ब्रिटनमधील पदव्युत्तर प्रवेश: अर्ज आणि पर्सनल स्टेटमेंट कसे तयार करावे

ब्रिटनमधील एक वर्षाच्या एमएससी किंवा एमए अभ्यासक्रमासाठी अर्ज करणाऱ्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्याचा बहुतेक वेळ आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी, बँकेचे शैक्षणिक कर्ज आणि कन्सल्टन्सीच्या फेऱ्या यांतच जातो. ज्या दीड-दोन पानांवर त्याला स्वतःचे म्हणणे मांडायचे असते, ती पाने, म्हणजे पर्सनल स्टेटमेंट, मात्र शेवटच्या आठवड्यात, आधी गेलेल्या एखाद्या मित्राच्या फाइलवर नाव बदलून लिहिली जातात. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत असताना असे मसुदे मी बरेच वाचले आहेत, आणि गुणांनी उत्तम असलेल्या मुलांचे मसुदेही एकमेकांसारखे का निघतात याचे कारण मला आपल्या प्रवेशपद्धतीत दिसते. सीईटीचा पर्सेंटाइल, गुणवत्ता यादी आणि कॅप राउंड एवढ्यावर आपल्याकडे प्रवेश ठरतो. ‘हाच विषय का’ असे बारावीनंतर आपल्याला कोणीही विचारत नाही. तो प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा परदेशी विद्यापीठाच्या पोर्टलवर समोर येतो, आणि उत्तराची सवय नसल्यामुळे विद्यार्थी निबंधाच्या वहीतील भाषेकडे वळतो.

खालील मार्गदर्शन मुख्यतः ब्रिटनमधील शिकवल्या जाणाऱ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना, म्हणजे ‘टॉट मास्टर्स’ला, धरून केले आहे. अमेरिकेतील अर्ज आणि शिष्यवृत्त्या यांच्या बाबतीत काय बदलते, ते शेवटाकडे थोडक्यात येईल.

अभ्यासक्रमाचे पान आधी, स्टेटमेंट नंतर

स्टेटमेंटची तयारी कोऱ्या कागदापासून न करता विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रमाच्या पानापासून करावी. ब्रिटनमधील पदव्युत्तर पदवी साधारणपणे १८० क्रेडिटची असते. त्यांतील ६० क्रेडिट बहुधा उन्हाळ्यात लिहायच्या प्रबंधासाठी राखलेले असतात आणि उरलेले १२० क्रेडिट १५, २० किंवा ३० क्रेडिटच्या मॉड्यूलांत, म्हणजे स्वतंत्र विषयांत, विभागलेले असतात. कोणती मॉड्यूल सक्तीची आहेत, कोणती ऐच्छिक आहेत, परीक्षा किती गुणांची आणि लेखी काम किती गुणांचे, पूर्वी विद्यार्थ्यांनी कोणत्या विषयांवर प्रबंध लिहिले, हे सर्व वाचून प्रत्येक अभ्यासक्रमासाठी एक पान टिपण तयार करावे. नाव सारखे असलेले दोन अभ्यासक्रम आतून फार वेगळे असू शकतात. जलविज्ञानाचा एक अभ्यासक्रम भूगोल विभागात चालतो आणि त्यात क्षेत्रकार्य व धोरण यांवर भर असतो. त्याच नावाचा दुसरा अभ्यासक्रम स्थापत्य अभियांत्रिकी विभागात चालतो आणि पहिल्याच सत्रात संख्यात्मक गणित मागतो. या दोन्ही ठिकाणी एकच स्टेटमेंट पाठवणारा अर्जदार आपण पान वाचलेले नाही, एवढेच कळवत असतो.

पाच-सहा ठिकाणांपेक्षा अधिक अर्ज करू नयेत, असे माझे मत आहे. विद्यापीठाचे जागतिक मानांकन पाहावे, पण अभ्यासक्रम पाहिल्यानंतर. शिष्यवृत्तीसाठी मानांकनाची अट असेल तर गोष्ट वेगळी, त्याविषयी पुढे येईल.

वेळापत्रक

सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या वर्गासाठी आदल्या वर्षीच्या जून-जुलैमध्ये कामाला लागावे. बहुतेक विद्यापीठांची पोर्टल सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास उघडतात. अनेक अभ्यासक्रमांत जागा भरेपर्यंत अर्ज घेतले जातात, त्यामुळे संकेतस्थळावर जूनची अंतिम तारीख दिसत असली तरी मागणी असलेल्या अभ्यासक्रमांतील जागा त्याच्या फार आधी संपतात. नाताळाच्या सुट्टीपूर्वी अर्ज गेलेला असावा, असे धरून उलटे मोजत यावे: सप्टेंबरात भाषेची परीक्षा, त्याच महिन्यात शिफारसपत्रांसाठी विनंती, ऑगस्टात ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे सर्व सत्रांच्या अधिकृत गुणपत्रकाचा, अर्ज.

अंतिम वर्षात शिकणाऱ्यांनी निकालाची वाट पाहू नये. तोपर्यंतच्या सत्रांच्या गुणपत्रिकांवर अर्ज करता येतो आणि त्यावर सशर्त प्रवेश, म्हणजे कंडिशनल ऑफर, मिळते. आपल्याकडील शेवटच्या सत्राचा निकाल जुलै-ऑगस्टपर्यंत लांबू शकतो आणि त्यानंतर तात्पुरते पदवी प्रमाणपत्र मिळवण्यात आणखी दिवस जातात. परीक्षा विभागात कोणाला भेटायचे, किती शुल्क भरायचे आणि कोणता अर्ज द्यायचा, याची चौकशी आधीच करून ठेवावी.

कागदपत्रांतील किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची एक अडचण अगदी आपली स्वतःची आहे, ती नावाची. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव प्रथम, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव आणि अनेक विद्यापीठांत शेवटी आईचे नाव असा क्रम असतो, तर पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात असते. पोर्टलवर नाव भरताना पारपत्रावरील नावच प्रमाण मानावे. गुणपत्रिकेत स्पेलिंग वेगळे असेल किंवा लग्नानंतर नाव बदलले असेल, तर त्याचा पुरावा, म्हणजे प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातील प्रसिद्धी, सोबत जोडावा. ‘अमोल’ हे आडनाव ठरून अर्ज भलत्याच नावाने नोंदला गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, आणि पुढे व्हिसाच्या वेळी ती दुरुस्ती करताना मुलांच्या नाकी नऊ येतात.

दुसरी गोष्ट गुणांच्या रूपांतराची आहे. दहापैकी मिळालेल्या सीजीपीएचे टक्क्यांत किंवा ब्रिटनमधील श्रेणीत स्वतः रूपांतर करून लिहू नये. गुणपत्रिकेच्या मागील बाजूस छापलेला श्रेणीतक्ता स्कॅन करून जोडावा आणि अर्जात मूळ सीजीपीए जसाच्या तसा द्यावा. प्रत्येक विद्यापीठ भारतीय गुणांसाठी आपले वेगळे निकष ठेवते, आणि ते बहुधा त्याच्या ‘भारत’ या पानावर दिलेले असतात.

तिसरी गोष्ट भाषेच्या परीक्षेची आहे. आयईएल्टीएसमध्ये एकूण ६.५ किंवा ७ बँड मागणारी विद्यापीठे प्रत्येक विभागातही किमान बँड मागतात; एकूण ७ असूनही लेखनात ५.५ असल्यामुळे अट पूर्ण न झालेले विद्यार्थी असतात. गुण २ वर्षे ग्राह्य धरले जातात, म्हणून नोकरीत असलेल्यांनी फार आधी परीक्षा देऊन ठेवण्यात अर्थ नाही.

पर्सनल स्टेटमेंट

प्रवेश ठरवणारा प्राध्यापक त्या दोन पानांत एका प्रश्नाचे उत्तर शोधत असतो: या अभ्यासक्रमाचे काम हा विद्यार्थी पेलू शकेल का, आणि ते त्याला नेमके कशासाठी हवे आहे? त्याला आपले चरित्र नको असते आणि त्याच्या विद्यापीठाची स्तुती तर अजिबात नको असते. मसुद्यातील प्रत्येक वाक्याला एक कसोटी लावावी: हे वाक्य वर्गातील शेजारच्या बाकावरच्या मुलाने स्वतःच्या अर्जात उचलून घातले, तर तिथेही ते खपेल का? खपत असेल तर ते काढून टाकावे. माझ्या अनुभवात पहिल्या मसुद्याचा अर्ध्याहून अधिक भाग या एका कसोटीने गळतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, सांगलीतील एक विद्यार्थी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन जलविज्ञानाच्या एमएससीला अर्ज करत आहे. त्याचा पहिला मसुदा बहुधा असा असतो:

“लहानपणापासून मला पाण्याविषयी ओढ आहे. पाणी म्हणजे जीवन. २०१९ च्या महापुराने माझ्या मनावर खोल परिणाम केला आणि मी याच क्षेत्रात काम करण्याचा निश्चय केला. आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठात शिकून मला समाजाची सेवा करायची आहे.”

यात खोटे काहीच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरने जे पाहिले ते त्या मुलाने खरोखर पाहिले असेल. पण वाचणाऱ्याच्या हाती या चार वाक्यांतून काहीही लागत नाही. आता त्याच विद्यार्थ्याने असे लिहिले तर पाहा:

“शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात आम्ही चौघांनी सांगलीतील आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पात्राचे एकमितीय प्रतिरूप हेक-रास या संगणक प्रणालीत तयार केले. नदीचे आडवे छेद गोळा करणे आणि प्रतिरूपाची नोंदींशी जुळणी करणे हे काम माझ्याकडे होते. २०१९ च्या पुराचा विसर्ग वापरल्यावर प्रतिरूपाने दाखवलेली पाणीपातळी प्रत्यक्ष नोंदीपेक्षा कमी आली. पुस्तकातील तक्त्यावरून घेतलेला, प्रवाहाला होणारा अडथळा दाखवणारा मॅनिंगचा गुणांक काठावरील उभ्या उसाला लागू पडत नाही, हे त्या शेतांतून फिरल्यावर माझ्या लक्षात आले. गुणांक वाढवून मी पातळी जुळवली. पण ती जुळवणी होती, स्पष्टीकरण नव्हते. पूरमैदानावरील प्रवाह द्विमितीय पद्धतीने कसा मांडतात आणि अशा प्रतिरूपातील अनिश्चितता कशी मोजतात, हे मला पदवीच्या अभ्यासक्रमात शिकता आले नाही.”

या परिच्छेदात महापूर आहे, पण तो भावनेचे निमित्त म्हणून आलेला नाही. अर्जदाराला कोणती प्रणाली वापरता येते, गटातील त्याचा वाटा कोणता होता, उत्तर चुकल्यावर त्याने काय केले आणि त्याची समज कुठे संपते, एवढे सगळे सात वाक्यांत कळते. शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे, कारण आपल्याला काय येत नाही हे तो नेमकेपणाने सांगतो, आणि ‘हा अभ्यासक्रम का’ या पुढच्या परिच्छेदाचे दार तिथेच उघडते. आपले विद्यार्थी अर्जात उणीव दाखवायला घाबरतात. शिकायचे काही उरलेच नसेल तर शिकायला कशाला येता, असे वाचणाऱ्याला वाटणारच की.

हा दुसरा परिच्छेद लिहिण्यासाठी अर्जदार अव्वल असावा लागतो, असे नाही. प्रत्येकाच्या प्रकल्पात, प्रशिक्षणात किंवा नोकरीत असा एखादा अडलेला क्षण असतोच. तो शोधण्यासाठी लिहायला बसण्यापूर्वी एका वहीत गेल्या तीन-चार वर्षांतील प्रत्येक कामासाठी चार ओळी लिहाव्यात: मी नेमके काय केले, काय बिघडले, त्यावर काय केले, आणि कोणता प्रश्न उरला. ही टिपणे मराठीत लिहिली तरी चालतील. किंबहुना मराठीतच लिहावीत, कारण इंग्रजीत लिहायला बसले की हात आपोआप तयार वाक्यांकडे जातो.

कला, वाणिज्य किंवा सामाजिक शास्त्रे यांच्या अर्जदारांनाही हीच रीत लागू पडते, फक्त प्रकल्पाच्या जागी वाचन, क्षेत्रकार्य किंवा कार्यालयातील काम येते. विकास अभ्यास या विषयासाठी अर्ज करणाऱ्या मुलीने राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात ‘ग्रामीण जीवनाचा अनुभव घेतला’ असे लिहिण्याऐवजी, त्या गावात सर्वेक्षण करताना तिच्या प्रश्नावलीतील कोणता प्रश्न फसला आणि तो बायकांशी वेगळ्या शब्दांत विचारल्यावर काय उत्तर मिळाले, हे लिहावे. वाचलेल्या पुस्तकांची यादी देऊ नये. एकच लेख किंवा एकच प्रकरण घेऊन त्यातील कोणता मुद्दा पटला आणि कोणता पटला नाही, हे चार वाक्यांत सांगावे.

‘हा अभ्यासक्रम का’ हा भाग लिहिताना तयार केलेली टिपणे उपयोगी पडतात. दोन मॉड्यूलांची नावे नुसती उतरवून भागत नाही; आधी सांगितलेल्या उणिवेशी ती जोडली गेली पाहिजेत. आपल्या उदाहरणातील विद्यार्थ्याने पूरप्रतिरूपांच्या मॉड्यूलचा उल्लेख उसाच्या गुणांकाशी जोडला आणि प्रबंधासाठी त्याच नदीखोऱ्याचा विचार मांडला, तर अर्ज एकसंध होतो. विद्यापीठ किती जुने आहे, तिथे कोण नोबेल विजेते होऊन गेले, हे लिहू नये. ते वाचणाऱ्याला ठाऊक असते. एखाद्या प्राध्यापकाचे नाव घ्यायचे असेल तर त्याचा निदान एक शोधनिबंध खरोखर वाचलेला असावा. शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात मार्गदर्शक आधी ठरवावा लागत नाही, म्हणून नाव न घेतल्याने काही बिघडत नाही.

पुढील योजना सांगताना ‘समाजसेवा’ आणि ‘देशाचा विकास’ हे शब्द टाळून कामाचे ठिकाण आणि स्वरूप सांगावे. जलविज्ञानाचा विद्यार्थी खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रासारख्या संस्थेत, नाशिकच्या ‘मेरी’ या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत किंवा पूर-जोखमीचे काम करणाऱ्या खासगी सल्लागार कंपनीत कोणते काम करू इच्छितो, हे दोन वाक्यांत लिहिले की पुरे. ही योजना म्हणजे करार नव्हे, ती पुढे बदलली तरी चालते. पण आज ती पटणारी असली पाहिजे.

केटी, गॅप आणि कमी गुण यांविषयी मुले फार संकोच करतात. गुणपत्रिका समोरच असल्यामुळे ते लपत तर नाहीतच. गणितप्रधान अभ्यासक्रमाला अर्ज करताना तिसऱ्या सत्रातील गणिताची केटी असेल, तर एका वाक्यात कारण आणि एका वाक्यात त्यानंतरची कामगिरी सांगावी: त्यानंतरच्या संख्यात्मक विषयांत किती गुण मिळाले, प्रकल्पात तेच गणित कुठे वापरले. घरातील आजारपण किंवा मृत्यू हे कारण असेल तर ते साध्या शब्दांत सांगून थांबावे. करुणा मागणारा परिच्छेद अर्जाला मदत करत नाही. कारण जुने असेल आणि नंतरचे गुण चांगले असतील, तर स्टेटमेंटमध्ये त्याला जागाही देऊ नये; शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांनी त्याचा एका ओळीत उल्लेख करणे अधिक शोभते.

भाषा

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना आपले इंग्रजी साधे आहे याची लाज वाटते, आणि मग ते ‘पॅशनेट’, ‘एस्टीम्ड युनिव्हर्सिटी’, ‘होन माय स्किल्स’, ‘प्रेस्टिजियस’ अशा शब्दांचे अलंकार चढवतात. साधे इंग्रजी हाच इथे गुण आहे. वाक्य लांब झाले आणि त्यात दोनदा ‘व्हिच’ आला, तर ते तोडावे. मराठीतील टिपणांचा शब्दशः अनुवाद मात्र करू नये. त्याऐवजी ते काम एखाद्या मित्राला तोंडी इंग्रजीत समजावून सांगावे, ते फोनवर ध्वनिमुद्रित करावे आणि त्यावरून मसुदा लिहावा. बोलताना माणूस सहसा अलंकार वापरत नाही.

सर्वनामांचा प्रश्न त्याहून सूक्ष्म आहे. आपल्याकडे ‘मी केले’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून विद्यार्थी संपूर्ण प्रकल्प ‘आम्ही’ने लिहितात, आणि चौघांपैकी याने काय केले ते शेवटपर्यंत कळत नाही. ‘चौघांच्या गटात जुळणीचे काम माझ्याकडे होते’ हे वाक्य आत्मस्तुती नाही, ती माहिती आहे. याउलट ‘मी अत्यंत मेहनती, प्रामाणिक आणि नेतृत्वगुणसंपन्न आहे’ हे वाक्य आत्मस्तुती तर आहेच, शिवाय त्यातून माहिती शून्य मिळते.

शब्दमर्यादा प्रत्येक पोर्टलवर वेगळी असते. कुठे शब्द मोजतात, कुठे मोकळ्या जागांसह अक्षरे मोजतात. ती ओलांडू नये आणि भरून काढण्याचाही अट्टहास करू नये. चौकटीत मजकूर चिकटवल्यावर परिच्छेद आणि विरामचिन्हे टिकली आहेत का ते पाहावे. एका विद्यापीठाच्या अर्जात दुसऱ्याचे नाव राहून जाण्याची चूक हास्यास्पद वाटते, पण ती दरवर्षी होते. प्रत्येक विद्यापीठाची फाइल स्वतंत्र नावाने ठेवली तर ती टळते.

लिखाण दुसऱ्याकडून किंवा संगणकीय साधनाकडून तयार करून घेण्याचा मोह आता फार सोपा झाला आहे. नीती बाजूला ठेवली तरी तो फायद्याचा नाही, कारण अशा साधनाला आपला उभा ऊस ठाऊक नसतो. ते सर्वांना शोभेल असेच लिहिते, आणि वरील कसोटीवर तेच प्रथम पडते. शिवाय मजकूर स्वतःचा असल्याचे प्रतिज्ञापन अनेक ठिकाणी द्यावे लागते. मसुदा दोघांनाच दाखवावा: एक विषय जाणणारा, एक न जाणणारा. पाचव्या वाचकाच्या सूचना घेईपर्यंत स्वतःचा आवाज हरवून जातो.

शिफारसपत्रे

बहुतेक अभ्यासक्रम दोन शिफारसपत्रे मागतात. ती कोणाकडून घ्यावीत, याबाबत आपल्याकडे हुद्द्याचा फार मोह आहे. प्राचार्यांनी ‘हा आमचा आज्ञाधारक विद्यार्थी आहे’ असे लिहिलेल्या पत्रापेक्षा, प्रकल्पात आठवड्याला तासभर डोके लावणाऱ्या कनिष्ठ प्राध्यापकाचे पत्र कितीतरी उपयोगी पडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसाठी कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवणारे हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहिले होते. त्यात एक अर्थशास्त्रज्ञ आपण स्वतः शिकवलेल्या विद्यार्थ्याविषयी दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाला लिहीत होता, आणि शिफारसपत्राचे मूळ प्रयोजन तेच आहे.

आता आपल्याकडील वास्तव. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे वाक्य जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याला ऐकावे लागते. मग दोन्ही पत्रे आणि स्टेटमेंट एकाच हाताने लिहिलेली असल्याचे वाचणाऱ्याला पहिल्या परिच्छेदात कळते. यावर उपाय असा की सरांना किंवा मॅडमना तयार पत्र न देता एक पानाचे टिपण द्यावे: त्यांच्या कोणत्या विषयात किती गुण मिळाले, प्रकल्पात कोणत्या तारखेला कोणती अडचण घेऊन गेलो होतो, त्यांनी काय सुचवले, पुढे काय झाले. सोबत अभ्यासक्रमाचे पान आणि अंतिम तारीख द्यावी. एवढे हाती असले की पंधरा मिनिटांत पत्र लिहिता येते, हे मी शिक्षकाच्या बाजूने सांगू शकतो. ही विनंती किमान सहा आठवडे आधी, प्रत्यक्ष भेटून करावी. परीक्षा आणि नॅकच्या मूल्यांकनाच्या धामधुमीत शिक्षकांना आठवण करून देण्यात गैर काही नाही.

विद्यापीठे पत्र थेट शिक्षकांकडून मागवतात आणि त्यासाठी संस्थेचा अधिकृत ईमेल पत्ता मागतात. खासगी जीमेल पत्ता अनेक ठिकाणी स्वीकारत नाहीत. महाविद्यालयात असा पत्ता नसेल तर तो कार्यालयाकडून आधी तयार करून घ्यावा, किंवा लेटरहेडवर सही-शिक्क्याचे पत्र चालेल का हे प्रवेश विभागाला ईमेलने विचारावे. विनंतीचा ईमेल स्पॅममध्ये जातो, हेही शिक्षकांना आधीच सांगून ठेवावे.

अमेरिका आणि शिष्यवृत्त्या

अमेरिकेतील अर्जात ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ हा शैक्षणिक हेतूचा मजकूर असतो, आणि काही विद्यापीठे त्याखेरीज वैयक्तिक पार्श्वभूमीविषयी वेगळा मजकूर मागतात. बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ हे त्याचे ठळक उदाहरण. घरची परिस्थिती, गावातील शाळा, शिकणारी पहिली पिढी यांची जागा त्या दुसऱ्या मजकुरात आहे. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा आता अनेक विभागांनी ऐच्छिक केली आहे. सप्टेंबर २०२३ पासून ती दोन तासांहून कमी वेळाची झाली असून तिचे गुण ५ वर्षे ग्राह्य असतात.

शिष्यवृत्तीसाठीचा मजकूर पर्सनल स्टेटमेंटवरून उतरवू नये, कारण प्रश्नच वेगळे असतात. चेव्हनिंग या ब्रिटन सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज नेतृत्व, लोकसंपर्क, ब्रिटनमधील शिक्षण आणि पुढील कारकीर्द यांविषयी वेगवेगळे प्रश्न विचारतो, त्यासाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि तो ऑगस्टमध्ये सुरू होतो, म्हणजे विद्यापीठाच्या अर्जाच्याही आधी. राज्य शासनाची अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती विद्यापीठाच्या जागतिक मानांकनाशी जोडलेली आहे, म्हणून तिच्यासाठी अर्ज करणाऱ्यांनी विद्यापीठांची यादी त्या वर्षीची जाहिरात समोर ठेवूनच करावी. मुंबईतील जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून चालू आहे. ती कर्जरूपाने मदत देते, ही गोष्ट घरच्यांनी आधीच समजून घेतलेली बरी.

अर्ज पाठवताना आणि पाठवल्यावर

कन्सल्टन्सीची मदत घेण्यात चूक नाही, पण अनेक कन्सल्टन्सींना प्रवेशामागे विद्यापीठाकडून कमिशन मिळते, हे लक्षात ठेवूनच त्यांच्या विद्यापीठांच्या यादीकडे पाहावे. पोर्टलवरील ईमेल पत्ता आणि पासवर्ड स्वतःच्याच ताब्यात असावा. विद्यापीठाने मागितलेले जादा कागदपत्र एजंटच्या इनबॉक्समध्ये पडून राहिल्याने मुदत गेलेली मुले मला भेटली आहेत.

ऑफर आल्यावर तिच्यातील अटी ओळीने वाचाव्यात: अंतिम टक्केवारी किती हवी, भाषेच्या कोणत्या विभागात किती बँड हवे, अनामत रक्कम कधीपर्यंत भरायची, आणि अभियांत्रिकी व विज्ञानाच्या काही विषयांसाठी लागणारे एटास प्रमाणपत्र, म्हणजे ब्रिटन सरकारची पूर्वपरवानगी, लागू आहे का. ते लागू असेल तर ताबडतोब अर्ज करावा, कारण त्याला काही आठवडे लागतात आणि त्याशिवाय व्हिसाचा अर्ज करता येत नाही. व्हिसासाठी दाखवायची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. कर्जमंजुरीचे पत्र दाखवायचे असेल तर त्याच्या मजकुराची अट बँकेला आधी वाचून दाखवावी. व्हिसाच्या अर्जानंतर मुलाखत होऊ शकते, आणि तिच्यात हाच अभ्यासक्रम का निवडला, त्यात काय शिकणार, पुढे काय करणार असे प्रश्न येतात. त्यामुळे पाठवलेल्या स्टेटमेंटची आणि मॉड्यूलांच्या टिपणाची छापील प्रत व्हिसाच्या फाइलमध्ये ठेवावी, आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री ती एकदा वाचावी.